नाव विद्यापीठाचे, पारख कोणाची?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंडला भेट दिली, तेव्हा भारताचा पंतप्रधान त्या देशात तब्बल ४५ वर्षांनी जात होता. मोरारजी देसाई १९७९ मध्ये गेले होते, त्यानंतर थेट मोदी. या भेटीत वॉर्सामधील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन झाले आणि दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेल्या हजारो पोलिश नागरिकांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीने दिलेल्या आसऱ्याची उजळणीही झाली. दोन्ही देशांनी संबंधांना सामरिक भागीदारीचा दर्जा दिला. मात्र त्याच वॉर्सातील एका खासगी शिक्षणसंस्थेत पैसे घेऊन प्रमाणपत्रे वाटल्याच्या प्रकरणाची चौकशी त्याच सुमारास ऐन भरात होती. संयुक्त निवेदनात त्याला जागा असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या भारतीय कुटुंबांनी मुलांना पोलंडला पाठवण्याचा विचार चालवला आहे, त्यांच्या दृष्टीने सामरिक भागीदारीपेक्षा ते प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे.

पोलंडकडे वळणारा भारतीय विद्यार्थी बहुधा मध्यमवर्गीय घरातला असतो. अमेरिका आणि ब्रिटन आवाक्याबाहेर गेले, जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची अट कडक, अशा वेळी इंग्रजी माध्यम, तुलनेने कमी शुल्क आणि युरोपीय संघातील पदवी या तीन गोष्टी पोलंड एकत्र देऊ करतो. २००४ पासून हा देश युरोपीय संघात आहे आणि २००७ च्या अखेरीपासून शेंगेन क्षेत्रातही. दिल्लीतील बदलीच्या नोकरीत असलेला अधिकारी असो, की इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे स्थिरावलेले मराठी कुटुंब असो, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम किंवा घर तारण ठेवून घेतलेले कर्ज या निर्णयात गुंतते. इतका मोठा व्यवहार बहुतेक वेळा एका माहितीपत्रकाच्या आणि एका सल्लागाराच्या शब्दाच्या भरवशावर होतो. संस्थेची प्रतिष्ठा म्हणून जे सांगितले जाते, ते पारखायचे कसे आणि ती पारख करण्याची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

भरती आणि ओहोटी

पोलंडमधील खासगी उच्चशिक्षण हे साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरचे अपत्य आहे. सप्टेंबर १९९० च्या कायद्याने बिगरसरकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली. शिक्षणाची भूक मोठी होती, सरकारी जागा अपुऱ्या होत्या आणि नव्या बाजारव्यवस्थेला व्यवस्थापन, वित्त, संगणक या विषयांचे पदवीधर हवे होते. दोन दशकांत खासगी संस्थांची संख्या तीनशेच्या पुढे गेली. २००५ च्या सुमारास देशातील एकूण विद्यार्थिसंख्या १९ लाखांवर पोहोचली होती.

त्यानंतर मात्र लोकसंख्येचे गणित फिरले. १९९० नंतर घटलेल्या जन्मदराची पिढी महाविद्यालयाच्या दारात आली आणि पुढील दशकाच्या शेवटापर्यंत विद्यार्थिसंख्या बारा लाखांच्या आसपास घसरली. सरकारी विद्यापीठांत पूर्णवेळ पोलिश अभ्यासक्रमाला शुल्क नसते, १९९७ च्या राज्यघटनेनेच तशी हमी दिलेली आहे. साहजिकच जागा रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा पहिला फटका शुल्कावर जगणाऱ्या खासगी संस्थांना बसला. काही बंद पडल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या, काहींनी नावे बदलली. उरलेल्यांपैकी अनेकांनी परदेशी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. प्रथम युक्रेन आणि बेलारूस, मग तुर्कस्तान, मध्य आशिया, आफ्रिका आणि भारत.

ही पार्श्वभूमी नीट समजून घेतली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. खासगी आहे म्हणून संस्था वाईट, असा निष्कर्ष काढता येत नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वॉर्साच्या कोझमिन्स्की संस्थेला व्यवस्थापन शिक्षणातील इक्विस, एएसीएसबी आणि अम्बा या तिन्ही आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती आहेत. जगातील फार थोड्या संस्थांना ते साधले आहे. त्याच शहरात, त्याच कायद्याखाली, परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर तग धरून असलेल्या संस्थाही आहेत. दोघींची माहितीपत्रके सारखीच गुळगुळीत असतात. फरक इतरत्र शोधावा लागतो.

‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाची किंमत

पहिला सापळा भाषेचा आहे. पोलंडमध्ये ‘उनिवेर्सितेत’ हा शब्द वाटेल त्याला वापरता येत नाही. जुलै २०१८ च्या उच्चशिक्षण कायद्यानुसार किमान तीन ज्ञानक्षेत्रांतील किमान सहा विद्याशाखांत संशोधनाची वरची श्रेणी मिळवलेल्या संस्थेलाच तो शब्द लावता येतो. इतर संस्थांना ‘अकादमिया’, ‘उचेल्न्या’ किंवा ‘विझ्शा श्कोला’, म्हणजे उच्च विद्यालय, अशी नावे असतात. मात्र इंग्रजी माहितीपत्रकात या सर्वांचे रूपांतर बहुधा ‘युनिव्हर्सिटी’ असेच होते. त्यात बेकायदा काही नाही, चांगल्या संस्थाही तसेच करतात. पण पुण्यातील किंवा दिल्लीतील पालकाच्या मनात त्या एका शब्दाने जी प्रतिमा उभी राहते, ती प्रत्यक्षाशी जुळेलच असे नाही. म्हणून पोलिश भाषेतील अधिकृत नाव कोणते, ही चौकशीची पहिली पायरी ठरते.

दुसरा सापळा त्याहून महागात पडणारा आहे. पोलंडमध्ये पदवी तीन टप्प्यांत मिळते. तीन वर्षांची ‘लिसेन्स्यात’ किंवा साडेतीन वर्षांची अभियांत्रिकी पदवी, त्यावर दीड ते दोन वर्षांची ‘मागिस्तेर’ आणि मग डॉक्टरेट. याखेरीज ‘स्तुदिया पोदिप्लोमोवे’ नावाचा एक प्रकार आहे. पदवी घेतलेल्या नोकरदारांसाठी चालवलेले हे दोन सत्रांपासूनचे अभ्यासक्रम असतात. ते पूर्ण केल्यावर पदवी मिळत नाही, केवळ प्रमाणपत्र मिळते. इंग्रजीत त्यांना ‘पोस्टग्रॅज्युएट’ म्हटले जाते आणि भारतीय माणूस त्याचा अर्थ सरळ ‘पदव्युत्तर पदवी’ असा घेतो. पोलंडमधील बहुसंख्य एमबीए अभ्यासक्रम याच प्रकारात मोडतात. मायदेशी परतल्यावर सरकारी परीक्षेचा अर्ज भरताना किंवा पदोन्नतीसाठी कागद सादर करताना हा फरक उघड होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

कॉलेजियम ह्युमानुमचा धडा

प्रतिष्ठा कशी उभी केली जाते आणि कशी ढासळते, याचे ताजे उदाहरण म्हणजे कॉलेजियम ह्युमानुम. २०१८ मध्ये वॉर्सात सुरू झालेली ही संस्था अल्पावधीत राजकीय वर्तुळात नावारूपाला आली. त्यामागचे कारण कायद्यातच दडलेले होते. सरकारी मालकीच्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर जायचे तर उमेदवाराला परीक्षा द्यावी लागते. एमबीए असल्यास त्या परीक्षेतून सूट मिळते. साहजिकच झटपट एमबीएला मागणी आली. विविध पक्षांचे नेते, नगराध्यक्ष, अधिकारी या संस्थेच्या प्रमाणपत्रधारकांत दिसू लागले. संस्थेच्या दृष्टीने ही मोठीच जाहिरात होती.

‘न्यूजवीक पोल्स्का’ या साप्ताहिकाने २०२२ मध्ये तेथील कारभाराविषयी प्रश्न उपस्थित केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय भ्रष्टाचारविरोधी विभागाने संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांना अटक केली. पैशाच्या मोबदल्यात प्रमाणपत्रे दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्रोत्सवाफ शहराच्या महापौरांनाही चौकशीसाठी ताब्यात घेण्यात आले. दरम्यान संस्थेने आपले नाव बदलून ‘वार्सोविया’ असे घेतले होते.

या प्रकरणातून विद्यार्थ्याने घेण्याचा बोध सरळ आहे. संस्था नोंदणीकृत होती, तिचे अभ्यासक्रम मान्यताप्राप्त होते आणि तिच्या समारंभांना प्रतिष्ठितांची हजेरी असे. प्रतिष्ठेची म्हणून जी बाह्य लक्षणे समजली जातात, ती सारी तेथे होती. तेथे प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्यांचेही हाल झाले, कारण पदवीवरील शिक्का एकच असतो आणि तो पाहणारा मालक किंवा वाणिज्यदूत विद्यार्थी कोणत्या वर्गात बसत होता हे विचारत नाही. बड्यांच्या सहवासावर उभी राहिलेली संस्थेची प्रतिष्ठा ते बडे अडचणीत आले की त्यांच्याबरोबरच बुडते. नाव बदलणारी संस्था दोषीच असते असे नाही. पण जुने नाव कोणते होते आणि ते का टाकले, एवढे विचारण्याचा हक्क शुल्क भरणाऱ्याला निश्चितच आहे.

व्हिसाचे राजकारण

पोलंडच्या अंतर्गत राजकारणाशी परदेशी विद्यार्थ्याचा संबंध आता थेट जोडला गेला आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस तेथील परराष्ट्र खात्याच्या उपमंत्र्यांना पदावरून दूर करण्यात आले. पैसे घेऊन व्हिसा मिळवून दिल्याच्या आरोपांचे हे प्रकरण होते. त्यात मुंबईतील पोलिश वाणिज्य दूतावासाचा उल्लेख आला आणि चित्रपटनिर्मितीच्या नावाखाली व्हिसा मिळवलेल्या भारतीयांच्या कथाही पोलिश वृत्तपत्रांत झळकल्या. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला. डिसेंबरमध्ये डोनाल्ड टुस्क यांचे सरकार आले. या सरकारने स्थलांतराबाबत सैल धोरण स्वीकारावे अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती फोल ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या स्थलांतर धोरणाचा सूर नियंत्रणाचाच होता.

त्या धोरणाचे कायद्यात रूपांतर २०२५ मध्ये झाले. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार परदेशी उमेदवाराच्या आधीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी आणि शिकवण्याच्या भाषेचे बी-२ पातळीचे ज्ञान यांचा कागदोपत्री पुरावा आवश्यक झाला. प्रवेश घेऊन हजर न झालेल्या किंवा नाव कमी केलेल्या विद्यार्थ्याची माहिती सरकारला कळवणे संस्थांवर बंधनकारक झाले. एका संस्थेत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक नसावे, अशी मर्यादाही घालण्यात आली.

या शेवटच्या तरतुदीकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. ज्या संस्थेच्या वर्गात स्थानिक पोलिश विद्यार्थी जवळजवळ नाहीतच, तिच्याविषयी खुद्द पोलिश सरकारला संशय आहे, असा तिचा अर्थ होतो. स्थानिक विद्यार्थ्याला फुकट शिकण्याचा पर्याय असतो. तरीही तो पैसे मोजून एखाद्या खासगी संस्थेत जातो, तेव्हा त्याला तिथे काही मोल दिसलेले असते. तो जिथे फिरकतच नाही, तिथे शिक्षण विकले जात आहे की शेंगेनचा प्रवेश, असा प्रश्न वाणिज्यदूताच्या मनात येतो. मग त्या संस्थेचे प्रवेशपत्र घेऊन आलेल्या सच्च्या विद्यार्थ्याचा अर्जही त्याच नजरेने वाचला जातो. संस्थेच्या प्रतिष्ठेचा पहिला हिशेब अशा रीतीने व्हिसाच्या खिडकीवरच होतो.

पारखण्याची साधने

समाधानाची बाब ही, की पोलंडमध्ये सरकारी पातळीवरील माहिती बरीच खुली आहे. ‘रॅड-ऑन’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत संस्था, तिचे अधिकृत नाव आणि तिला चालवण्याची परवानगी असलेले अभ्यासक्रम पाहता येतात. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तो, त्या शहरात आणि त्या स्तरावर तेथे नोंदलेला आहे का, हे पाहणे काही मिनिटांचे काम आहे. मुख्यालयाला असलेली परवानगी दुसऱ्या शहरातील शाखेला आपोआप लागू होते असे गृहीत धरणे धोक्याचे.

नोंदणीने संस्थेचे अस्तित्व सिद्ध होते, गुणवत्ता नव्हे. गुणवत्तेसाठी पोलिश अधिस्वीकृती आयोग आहे. २००२ मध्ये कामाला लागलेला हा आयोग अभ्यासक्रमवार मूल्यांकन करतो. अभिप्राय अनुकूल असल्यास त्याची मुदत सहा वर्षांपर्यंत, सशर्त असल्यास दोन वर्षांपर्यंत असते. प्रतिकूल अभिप्रायावर मंत्री परवानगी काढून घेऊ शकतात. आयोगाचे अहवाल प्रसिद्ध होतात. ते पोलिश भाषेत असले, तरी भाषांतराची साधने आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. अध्यापक पूर्णवेळ आहेत की पाहुणे, प्रयोगशाळा आहेत की नाहीत, प्रवेशाच्या वेळी भाषेची चाचणी खरोखर होते का, असे तपशील त्या अहवालांत येतात. ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दावर समाधान मानण्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्याच अभ्यासक्रमाचा शेवटचा अहवाल आणि त्याची तारीख मागावी.

तिसरे साधन भारतात फारसे कोणाला ठाऊक नाही. ‘एला’ या नावाने पोलिश सरकार पदवीधरांच्या नोकरी आणि वेतनाचा मागोवा घेते. सामाजिक विमा खात्याच्या नोंदींवरून कोणत्या संस्थेच्या कोणत्या शाखेतील पदवीधराला नोकरी मिळण्यास किती काळ लागला आणि त्याचे वेतन परिसरातील सरासरीच्या तुलनेत किती, हे तेथे समजते. संस्थेने छापलेल्या यशोगाथांपेक्षा हे आकडे कितीतरी विश्वासार्ह. अर्थात त्यांनाही मर्यादा आहेत. पोलंड सोडून गेलेले पदवीधर त्यात दिसत नाहीत, आणि पोलिश भाषा न येणाऱ्या भारतीयाला स्थानिक पदवीधराइतकीच संधी मिळेल असे मानता येत नाही.

क्रमवारीच्या तक्त्यांचा उपयोगही जपूनच करावा लागतो. ‘पेर्स्पेक्तिवी’ची वार्षिक क्रमवारी पोलंडमध्ये मानली जाते. पण एखादी संस्था ‘पहिल्या दहांत’ आहे असे सांगते, तेव्हा ती सर्व विद्यापीठांत, की केवळ खासगी संस्थांत, की एखाद्याच निकषावर, हे पाहिले पाहिजे. आजीमाजी विद्यार्थ्यांची मतेही अशीच चाळून घ्यावी लागतात. व्हिसा नाकारला गेल्याने चिडलेला आणि नवे विद्यार्थी आणून दिल्यावर दलाली मिळवणारा, हे दोघेही आपापल्या कारणाने टोकाचे बोलतात. ज्याचे दुसरे वर्ष चालू आहे आणि ज्याला संस्थेकडून काही मिळायचे नाही, अशाचे म्हणणे अधिक मोलाचे. त्याला विचारण्याचे प्रश्नही नेमके हवेत. आठवड्याला किती तास शिकवतात, वर्गात पोलिश विद्यार्थी किती, परीक्षा कशी होते, राहण्याच्या परवान्याच्या वेळी संस्थेने कागद वेळेवर दिले का, आणि व्हिसा नाकारला गेलेल्या मित्राचे शुल्क परत आले का. शुल्कपरतीची अट करारात लेखी नसेल, तर तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

दिल्लीची बाजू

एवढी पारख एकट्या पालकाने करावी, ही अपेक्षा कितपत योग्य? भारतात नोकरीसाठी परदेशी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागाराला तो कायदा लागू नाही. पंजाबने २०१२ च्या राज्य कायद्याने अशा सल्लागारांना परवान्याच्या कक्षेत आणले, पण राज्याच्या सीमेपलीकडे त्याचा प्रभाव पडत नाही. सल्लागाराचे उत्पन्न अनेकदा संस्थेकडून येणाऱ्या दलालीवर अवलंबून असते, आणि तो पालकासमोर मात्र तटस्थ मार्गदर्शक म्हणून बसतो. हा हितसंबंध उघड करण्याची सक्तीसुद्धा केंद्रीय कायद्यात नाही.

पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न आजवर भारतीय विद्यापीठ संघाकडे असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी नवे विनियम अधिसूचित केले. परदेशी संस्था तिच्या देशात रीतसर मान्यताप्राप्त असावी, प्रवेशाची पात्रता भारतातील तत्सम अभ्यासक्रमाशी मिळतीजुळती असावी आणि पदवी ‘फ्रँचायझी’ पद्धतीने मिळवलेली नसावी, असे त्यांचे सूत्र आहे. वैद्यक, औषधनिर्माण, कायदा, वास्तुशास्त्र अशा विषयांना ते लागू नाहीत, त्यांचे नियम संबंधित परिषदांचे. वैद्यकासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या अटी आहेत. इंग्रजी माध्यमातील किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता आणि ज्या देशात शिकला तेथे व्यवसाय करण्यास पात्र असणे. मात्र या साऱ्या व्यवस्थेत एक मूलभूत दोष आहे. ती विद्यार्थी परतल्यावर जागी होते. पैसे आणि वर्षे खर्च झाल्यावर ‘ही पदवी चालत नाही’ असे सांगण्याऐवजी जाण्यापूर्वी ते सांगता येणार नाही काय?

परदेशी संस्थांविषयी बोलताना भारताने फार वरच्या पट्टीत बोलावे, अशी स्थिती अर्थातच नाही. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठे उभी केली होती, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये तो डोलारा पाडला. २००९ मध्ये टंडन समितीने ४४ अभिमत विद्यापीठे त्या दर्जास अपात्र ठरवली. अनुदान आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत राजधानी दिल्लीचे स्थान वर्षानुवर्षे ठळक राहिले आहे. पण त्या यादीचाच दाखला येथे उपयोगी पडतो. आयोग देशातल्या बनावट संस्थांची नावे जाहीर करू शकतो. मग ज्या देशांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात, तेथील आपल्या दूतावासांनी स्थानिक अधिस्वीकृती यंत्रणांचे निर्णय इंग्रजीत आणि भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यात कोणतीही राजनैतिक अडचण नसावी. पोलिश आयोगाचे प्रतिकूल अभिप्राय गुप्त नाहीत. ते पुढे पोहोचवले, तर वॉर्सा नाराज होण्याचे कारण नाही, उलट आपल्या चांगल्या संस्थांची बाजू राखली गेल्याचे समाधान त्याला मिळेल.

अमेरिकेतील ट्राय-व्हॅली विद्यापीठ जानेवारी २०११ मध्ये बंद पडले, तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले आणि काहींच्या पायांत माग काढणारी यंत्रे अडकवली गेली. तेव्हा संसदेत आणि माध्यमांत संताप उसळला. तो योग्यच होता. परंतु विद्यार्थी तेथे कोणाच्या सल्ल्याने पोहोचले, हा प्रश्न त्या संतापात वाहून गेला आणि दीड दशकानंतरही सल्लागारांवर केंद्रीय कायद्याचा अंकुश आलेला नाही. पोलंडच्या बाबतीत निदान तशी वेळ अजून आलेली नाही. माहिती उपलब्ध आहे, पोलिश सरकार स्वतःच घर साफ करण्याच्या मागे लागले आहे आणि दोन्ही राजधान्यांमधील संबंध सध्या चांगले आहेत. सामरिक भागीदारीच्या पुढील आढाव्यात विद्यार्थ्यांसाठी संस्थांच्या विश्वसनीय यादीचा विषय भारताने मांडला, तर कोल्हापूरच्या स्मरणापेक्षा अधिक टिकाऊ असे काहीतरी त्या मैत्रीतून निघेल. तोपर्यंत प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी पोलिश नाव, नोंदणी, आयोगाचा अहवाल आणि शुल्कपरतीची लेखी अट हे चार कागद समोर ठेवूनच घराघरांतला निर्णय व्हावा. हे कागद दाखवण्यास जो सल्लागार टाळाटाळ करील, त्याने उत्तर दिलेलेच असते.